पुढच्या बाईच्या पाठीवरचा रंग

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या रस्त्यावर वराती सुरू होतात. आमचं घर अमरावतीत, बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, गल्लीच्या तोंडाशी. समोर मोबाइलचं दुकान आहे. दिवेलागणीला त्याची पाटी पेटते आणि दुकान मिटेपर्यंत माझी भिंत जांभळी, हिरवी, तांबडी करत राहते. सून म्हणते, "आई, पडदा लावू काय? डोयाले तरास होत असन." मी म्हणते, राहू दे. पडदा लावला तर पडदा जांभळा होईल. फरक काय पडतो?

काल संध्याकाळी यंदाची पहिली वरात गेली. मी ओट्यावर बसले होते. लोक नाचणाऱ्यांकडे पाहतात, बाया नवरीकडच्यांच्या साड्या पाहतात. मी बत्तीवाल्या बाया पाहते. आता त्यांच्या डोक्यावरची झुंबरं बॅटरीवर चालतात. वायर नाही, मागे जनरेटरची गाडी नाही. एकीने तर एका हाताने झुंबर धरून दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला होता. रांग अशी पसरली होती, जशा गाई सुटल्यावर पसरतात. वायर होती तेव्हा रांग सरळ असायची. वायरीने माणूस सरळ चालतो असं माझं म्हणणं नाही. चालावंच लागायचं, एवढंच.

मी पुष्कळ वर्षं बत्ती उचलली. सुरुवातीला गॅसबत्ती होती. तिचा सूंऽऽ असा आवाज कानात बसायचा, वरातीतून घरी आल्यावरही जायचा नाही. ती डोकं भाजायची. उन्हाळ्याच्या लग्नात नको व्हायचं, पण मार्गशीर्षातल्या थंडीत बरं वाटायचं. मग ट्यूबलाइटचे दांडे आले. मग रंगीत बल्बांची झाडं आली, आणि शेवटी ही एलईडीची झुंबरं. एलईडीला ऊब नाही. डोक्यावर एवढा उजेड घेऊन कान मात्र गार.

आमच्या कामाची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. रस्त्याच्या दोन्ही कडांनी बायांच्या दोन रांगा. मधे बँड, नाचणारे, घोडा. सगळ्या झुंबरांची वायर एकातून दुसऱ्यात गेलेली, शेवटी जनरेटरच्या गाडीला. मधल्या एखादीने चाल चुकवली, वायर ताणली, की पुढच्या सगळ्या विझायच्या. मालकाकडे शिट्टी असायची. दोन तुटक शिट्ट्या म्हणजे थांबा. थांबल्यावर हात खाली घेतला तरी चालायचा, झुंबर चुंबळीवर आपोआप बसून राहतं. एक लांब शिट्टी म्हणजे निघा. ती ऐकली की आधी मान ताठ करायची, मग डावा हात वर दांडीला, मग डावा पाय पुढे. या क्रमाने केलं नाही तर झुंबर डुलतं आणि मानेला लचक भरते. ही शिट्टी अमरावतीत तीच आणि अकोल्यातही तीच. सगळ्या मालकांनी एकमेकांचं पाहूनच धंदा शिकलेला. थोड्या वर्षांत शिट्टी कानाने ऐकायची गरज उरत नाही. ती हातालाच ऐकू येते. स्टेशनवर गार्डाने शिट्टी फुंकली तेव्हा मी एकदा पिशवी टाकून हात वर केला होता. शेजारच्या माणसाला वाटलं, मी गाडी थांबवते आहे.

एक गोष्ट लोकांना सांगितली तर खरी वाटत नाही. स्वतःच्या डोक्यावरची बत्ती मी कधी पाहिली नाही. वर पाहिलं तर झुंबर पडेल. कोणता रंग पेटला आहे ते मला पुढच्या बाईच्या पाठीवर कळायचं. तिची पाठ तांबडी झाली की माझी बत्ती तांबडी. आणि माझ्या पाठीवर मागच्या बाईचा रंग. मला दिसायचा तो माझाच रंग, पण दुसरीच्या अंगावर.

शहरही मी असंच पाहिलं, खालून आणि कडेने. अमरावतीचा राजकमल चौक लोकांना पुतळ्यांवरून, दुकानांवरून आठवत असेल. मला तिथल्या डांबराची चमक आठवते. रसवंतीसमोर रस्ता कायम ओला असायचा आणि त्यात सगळे रंग उलटे दिसायचे. साडीच्या दुकानासमोरून गेलं की अंगावर दुधासारखा पांढरा उजेड, सराफाच्या दुकानासमोर पिवळा, औषधाच्या दुकानाशी हिरवा. पुलाखाली शिरलं की एकदम काही नाही, फक्त आपलं आपण. अकोल्याला टॉवर चौकातून जुन्या शहराकडे जाताना मोर्णेच्या पुलावर वारा लागायचा, झुंबरं किणकिणायची आणि नदीचा वास यायचा. हंगामाच्या दिवसांत कापसाच्या गाड्या गेलेल्या रस्त्यावर रुईचे पुंजके पडलेले असत. तांबड्या उजेडात ते तांबडे, निळ्यात निळे. कापूस सगळ्यात आधी फसतो, कारण तो पांढरा असतो.

एकाच रस्त्यावर पुढेमागे देऊळ लागायचं, विहार लागायचा, मशीद लागायची. एकावर भगव्या माळा, एकावर निळ्या, एकावर हिरव्या. नमाजाची वेळ असली की बँड थांबायचा आणि तेवढ्या पट्ट्यात आमच्या चपलांचा आवाज ऐकू यायचा. बाकी काही नाही. माणसांनी रंग वाटून घेतले आहेत. कोणत्या माळा कुठे लागल्या त्यावरून वस्ती ओळखतात आणि त्यावरून चाल बदलतात. डोक्यावरच्या झुंबराला ते काही कळत नव्हतं. ते आपलं देवळासमोर हिरवं, मशिदीसमोर निळं, विहारासमोर भगवं होत जायचं. मालक बब्बूभाई म्हणायचा, "लाइट है, बाई. लाइट का कोई मोहल्ला नहीं होता." हे तो शांत दिवशी म्हणायचा. गावात तणातणी असली की रंगाचं बटण बंद करून नुसता पांढरा लावायचा. दोन्ही बरोबर होतं.

आता महापालिकेने खांबांना रंगीत पट्ट्या गुंडाळल्या आहेत. उड्डाणपूल जांभळा केला आहे. लोक तिथे उभे राहून फोटो काढतात. शहर सुंदर दिसतं म्हणतात. दिसत असेल. मला त्या पुलाखाली रस्त्यावर शेण आहे की सावली आहे ते कळत नाही, म्हणून मी दोन्ही ओलांडून चालते. रंगीत उजेडाचं हेच आहे. लांबून चांगला, आत उभं राहून कामाचा नाही. भाजीवाले हिरव्या कापडाखाली बल्ब लावतात, खाटकाकडे लाल. घरी आणल्यावर भाजी भाजीच्या रंगाची होते.

माणसाचा चेहराही तसाच. तांबड्यात सगळे रागावलेले दिसतात, निळ्यात आजारी, हिरव्यात विहिरीतून वर काढल्यासारखे. कोण खरंच रागावलं आहे ते कळत नाही. ज्या हंगामाची गोष्ट सांगते आहे त्याच हंगामात बब्बूभाईने रंग बदलणारी झुंबरं आणली. आधी एका वरातीला एक रंग असायचा. आता एकाच बत्तीत सगळे. तांबडा, मग हिरवा, मग निळा, जांभळा, आणि मग सगळे एकदम पेटायचे. सगळे एकदम पेटले की उजेड पांढरा होतो. तेवढ्या वेळापुरती माणसं जशी आहेत तशी दिसायची, की पुन्हा तांबडी.

आमच्या रांगेत माझ्या पुढे बेबी असायची. म्हणजे ज्या पाठीवर मी रंग पाहायचे ती पाठ बेबीची. नवरा नव्हता, एक मुलगी होती, पूनम, बारावी झालेली. दिवाळीनंतर आम्ही टेंपोत बसून अकोल्याच्या वरातीला निघालो होतो. दुपारची वेळ. मूर्तिजापूरच्या पुढे कापसाच्या गाड्यांनी रस्ता धरलेला. झुंबरं मधे, आम्ही कडेला पाय दुमडून. बेबी म्हणाली, "पूनमचं जमलं."

"कुठं व?" रुख्माने विचारलं. रुख्मा आमच्यात सगळ्यात जास्त बोलायची.

"अकोल्याचे लोक हायेत. पोरगा नांदगाव पेठेत कापडाच्या कंपनीत हाय. खोली बी तिकडंच करून रायला."

"मंग अशा थोबाडानं काहून सांगून रायली? जसं पोरीले पोलीस धरून नेऊन रायले."

बेबी म्हणाली, "म्या त्यायले सांगतलं, मी पोया लाटाले जातो लग्नाईत."

टेंपोतल्या सगळ्या बायांना कारण ठाऊक होतं. आदल्या वर्षी दुसऱ्या नांदगावच्या, नांदगाव खंडेश्वरच्या, एका घराने पूनमला पसंत केलं होतं. पानसुपारी झाली होती. मग तिकडच्याच एका वरातीत मुलाच्या काकाने बेबीला बत्तीखाली पाहिलं. भांडण नाही, बोलणं नाही, निरोपही नाही. ते लोक नुसते यायचे थांबले. पूनम महिनाभर दारात बसायची आणि रस्त्याकडे पाहायची नाही, भिंतीकडे पाहायची. या वेळी पूनम म्हणत होती, आई, आधीच सांगून टाक. बेबी म्हणे, एकदा अक्षता पडू दे, मग सगळ्या वऱ्हाडाला सांगते.

मी म्हणाले, "खोटं बोलायचं होतं तर लहान बोलायचं. पोया लाटतो म्हनलं, आता लग्नात कोनी लाटाले बसवलं मंजे?"

"पोया येतात मले, गोदाबाई."

"शंभर मानसाच्या?"

"लाटीन," ती म्हणाली. रुख्मा म्हणाली, "बत्ती उचलनं लपवाले पोया. पोया लपवाले काय सांगशीन? हेलिकाप्टर?" बेबीसुद्धा हसली. पण हात मांडीखाली धरून बसली होती.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं, आमच्याच अमरावतीत, राजापेठेच्या मागच्या एका मंगल कार्यालयात. बेबीने सुट्टी सांगितली. आम्हाला सगळ्यांना पत्रिका दिली, पण हळूच म्हणाली, मांडवात उशिरा या, जेवायलाच या, बत्तीच्या साडीत येऊ नका. मालकाने दिलेली आमची एकसारखी साडी असायची, किरमिजी, काठाला जर. दिवसा ती फार वाईट दिसते. रात्री तिच्यावर सगळे रंग चढतात, म्हणून तशी घेतलेली.

लग्नाच्या आदल्या दिवशी बब्बूभाई तोंड पाडून आला. "बाई, एक गडबड हो गई. कल की बारात अकोलेवालों की है. बँडवाले ने बुकिंग दी, मैंने ले ली. आज जगह का नाम सुना तो समझा. अपनी बेबी की बेटी."

"दुसऱ्या बाया पाठव," मी म्हणाले.

"कहाँ से भेजूँ? कल मुहूरत ऐसा है कि बडनेरा, परतवाडा, कहीं एक बाई खाली नहीं. और बिना लाइट के आई बारात, तो वो लोग क्या बोलेंगे? बेबी को ही बोलेंगे."

ते खरं होतं. आमच्याकडे वरात अंधारात आली तर मुलीकडच्यांची शोभा होते, लाइट कोणी ठरवली ते कोणी विचारत नाही. मी आणि रुख्मा बेबीच्या घरी गेलो. घरात हळदीचा वास, पाहुण्या बाया, दळण. बेबी आम्हाला मागच्या दारी घेऊन गेली. ऐकल्यावर दगडी पाट्यावर बसली. मग म्हणाली, "तुमी या. पन मले ओयखू नका. मी तुमाच्याकडं पाहत नाई, तुमी मायाकडं पाहू नका."

"आमच्याकडं कोनी पाहते काय?" रुख्मा म्हणाली. "एवढ्या लग्नाच्या शूटिंगा झाल्या, माया हात तेवढा दिसते."

हेही खरंच. बत्ती डोक्याच्या वर असते, चेहरा तिच्या सावलीत. एवढा उजेड घेऊन उभी असलेली बाई कोणालाच दिसत नाही. मी बेबीला तेच सांगितलं. काकाने पाहिलं तो उन्हाळ्यातला उजेड होता, दिवस बुडायचा होता. उद्या दिवस लवकर बुडेल. तिला धीर आला की नाही माहीत नाही. तिने आम्हाला कुरडया दिल्या, पदराखाली, जशा चोरून देतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही रांग धरली तेव्हा आभाळात अजून थोडी लाली होती. माझ्या पुढे बेबीच्या जागी दुसरी बाई होती, तिची पाठ रुंद. रंग जास्त दिसत होता पण मला ओळखू येत नव्हता. म्हणजे तांबडा की जांभळा असं थांबून पाहावं लागायचं. वर्षानुवर्षं एकाच पाठीची सवय. नवरदेव घोड्यावर, साधा मुलगा, घाबरलेला. घोड्याच्या मागे अकोल्याच्या बाया. त्यात मोतिया रंगाच्या साडीतली एक उंच बाई, तिला सगळे 'नवरदेवाची माय' म्हणत होते. नाचली नाही. नाचायला ओढलं तर हात सोडवून घ्यायची. चालत मात्र होती ती फार सरळ. मी ते पाहिलं आणि विसरले. चालण्यात काय पाहायचं?

कार्यालयाच्या फाटकाशी दोन तुटक शिट्ट्या झाल्या. आम्ही थांबलो. बत्ती फाटकाच्या आत जात नाही, ही रीत आहे. दोन्ही बाजूंना उभं राहायचं, तोंड रस्त्याकडे. मी काही तोंड पूर्ण फिरवलं नाही. फाटकात बेबी ताट घेऊन उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला समोरून, आमच्याच उजेडात पाहत होते. तांबड्यात ती भांडायला उभी आहे असं वाटलं. हिरव्यात बुडाल्यासारखी. निळ्यात तर तिच्या तोंडावर रक्तच नव्हतं. साडी मुळात कोणत्या रंगाची आहे तेसुद्धा कळेना. ती खरोखर घाबरली असेल, पण ते मी रंगावरून सांगू शकत नाही. ताटातल्या दिव्याची ज्योत हलत होती आणि वारा नव्हता, त्यावरून सांगते.

तिने आमच्याकडे पाहिलं नाही. ठरल्याप्रमाणे. तिने घोड्यावरून उतरलेल्या नवरदेवाला कुंकू लावलं, तांदूळ लावले. कोणी बोट दाखवलं नाही. मला वाटलं, झालं, निभावलं.

तेवढ्यात शूटिंगवाला ओरडला, "लायटिंग जरा डावीकडं घ्या, सासूच्या तोंडावर अंधार पडून रायला!" बब्बूभाईने काही विचार केला नाही. लांब शिट्टी फुंकली.

आमच्या मानी ताठ झाल्या, हात वर गेले, डावा पाय पुढे पडला. त्याच वेळी फाटकात उभ्या असलेल्या बेबीची मान ताठ झाली. तिचा डावा हात ताट सोडून वर गेला, डोक्याच्या वर, आणि तिथल्या मोकळ्या हवेत मूठ आवळली. ती डावीकडे एक पाऊल सरकली. ताट एका हातात कलंडलं. आणि तेवढ्यात सगळे रंग एकदम पेटले, उजेड पांढरा झाला.

त्या पांढऱ्या उजेडात मला आणखी एक हात दिसला. घोड्याच्या मागे, अकोल्याच्या बायांमधे. हिरव्या चुड्याचा. तसाच वर, तशीच मूठ, हवेतली दांडी धरलेली. नवरदेवाची आईही एक पाऊल डावीकडे सरकली होती.

वऱ्हाडातल्या बाकी कोणाला काही कळलं नसेल. त्यांना वाटलं असेल, दोघी विहिणी अक्षता टाकताहेत, नाही तर नाचायला निघाल्या आहेत. लग्नात हात वर करायला कारण लागत नाही. पण त्या दोघींनी एकमेकींना पाहिलं. मी पाहिलं. रुख्माने पाहिलं, आणि ती हसायला लागली तशी तिचं झुंबर किणकिणायला लागलं. बब्बूभाई दातांतून म्हणाला, "ए रुख्मा, हिल मत, कैमेरा चालू है!"

नवरदेवाची आई घोड्याला वळसा घालून पुढे आली. आधी तिने कलंडलेलं ताट खालून धरलं. ज्योत विझली नव्हती. मग बेबीच्या कानाशी म्हणाली, पण मी हाताच्या अंतरावर उभी होते, मला सगळं ऐकू आलं.

"इहीनबाई, हात खाली घ्या. आज डोक्स्यावर वझं नाई हाय."

बेबी म्हणाली, "तुमचा बी वरतंच हाय."

दोघींनी हात खाली घेतले. तोवर उजेड पुन्हा तांबडा झाला आणि दोघी रागावल्यासारख्या दिसू लागल्या. कोणी लांबून पाहिलं असतं तर म्हणालं असतं, फाटकातच विहिणींचं वाजलं.

अक्षता पडल्यावर आम्ही झुंबरं टेंपोत चढवत होतो. बत्तीवाल्यांना जेवण पाकिटात मिळतं, तेही मागाहून, आणि टेंपोत बसून खायचं. आम्ही पाकिटांची वाट पाहत होतो. पाकिटं आली नाहीत, नवरदेवाची आई आली. म्हणाली, "चाला, पंगत बसून रायली."

आमच्या अंगावर त्या किरमिजी साड्या, केसांवर चुंबळीच्या खुणा. मी म्हणाले, "बाई, आमी अशा नाई येत."

"मंग कशा येता? मी बी अशाच साडीत उभी रायलो, अकोल्याले, गॅसबत्तीच्या टायमापासून. पोरगं कंपनीत लागलं तवा सोडलं. म्या तुमच्या बेबीबाईले सांगतलं होतं, मी शिलाई करतो. मले सुईत दोरा ववता येत नाई."

"तिले पोया तरी येतात," रुख्मा म्हणाली.

आम्ही गेलो. तिने आम्हाला मुलाकडच्या पहिल्या पंगतीत बसवलं. तिचा दीर, जाडसर माणूस, फेटा बांधलेला, धावत आला. "वहिनी, ह्या बत्तीवाल्याईले इथं काहून बसवलं? पाकिटं देऊन मोकयं करा न. आपले पावने उभे हायेत."

"ह्या पावन्याच हायेत."

"कोनाकडच्या?"

बेबी तेव्हा वरणाची बादली घेऊन उभी होती. तिची बादली थांबली. सगळं लग्न लागून गेलं होतं, अक्षता पडल्या होत्या, तरी तिची बादली थांबली.

"इहीनबाईकडच्या," नवरदेवाची आई म्हणाली. मग दिराकडे न पाहता, भात वाढत म्हणाली, "अन् मायाकडच्या बी."

वर मांडवाच्या रंगीत माळा बदलत होत्या, त्यामुळे दिराला राग आला की लाज वाटली ते सांगता येणार नाही. फेटा सारखा करून तो पाहुण्यांकडे गेला.

माझ्या पत्रावळीतला भात आधी गुलाबी होता, मग निळा झाला. रुख्मा पत्रावळीवर वाकून पाहत होती. म्हणाली, "हा शिजला हाय का कच्चा हाय, काई समजून नाई रायलं बापा."

"खाऊन पाहा," नवरदेवाची आई म्हणाली.

खाऊन पाहिला. भात कच्चाच होता. ती दुसऱ्यांदा वाढायला आली तेव्हा आम्ही पुन्हा घेतला.